मोटारीचें इंजिन : चालू करतांना आणि बंद करतांना



मोटार चालवावी कशी, हें शिकविणारे पुष्कळ भेटतात. परंतु तिचें इंजिन केव्हां चालू करावें आणि केव्हां बंद करूं नये, हें सांगणारा क्वचितच भेटतो. किल्ली फिरविली कीं झालें, त्यांत शिकण्यासारखें तें काय, असें आपणांस वाटतें. म्हणून आज याच क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीविषयीं चार शब्द बोलतों.

आरंभीं एक प्रसंग सांगतों. माझे एक स्नेही पत्नी व दोन मुलांसह कन्नडहून चाळीसगांवकडे औट्रम घाट उतरत होते. मोटार आपल्या वजनानेंच चालली आहे, मग पेट्रोल कां जाळावें, असा हिशेब करून त्यांनीं इंजिन बंद केलें. पहिल्या वळणावर ब्रेक नीट लागला. दुसऱ्या वळणावर पायाला अधिक जोर करावा लागला. तिसऱ्या वळणावर ब्रेकचें पेडल दगडासारखें कठीण झालें, आणि स्टिअरिंगही हातांना जड झालें. त्यांनीं प्रसंगावधान राखून मोटार डोंगराच्या बाजूच्या मातींत घातली. मोटार मोडली, माणसें वांचलीं. त्या दिवशीं पेट्रोलची बचत किती झाली असेल, तें आपणच ठरवा.

असें कां झालें? ब्रेक दाबतांना आपल्या पायाला इंजिनाचें साहाय्य असतें. पेट्रोलचें इंजिन हवा ओढून घेतें, त्यायोगें ब्रेकजवळच्या एका डब्यांत हवेचा दाब कमी होतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब आपल्या पायाच्या जोरांत भर घालतो. डिझेलच्या मोटारींत हेंच काम एक पंप करतो. इंजिन थांबलें कीं उरलेल्या सांठ्यावर दोन-तीन वेळांच ब्रेक हलका लागतो. शिवाय, उतारावर गिअरमध्यें असलेलें इंजिन स्वतःच वेगाला आवर घालतें. तेंही साहाय्य जातें. किल्ली काढून घेतली, तर पुष्कळ मोटारींत स्टिअरिंग जागच्या जागीं अडकून बसतें.

बरें, ती बचत तरी खरी काय? आजच्या इंजिनांत इंधनाचें माप विद्युत्-यंत्रणा ठरविते. मोटार गिअरमध्यें ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, कीं उतारावर इंधनाचा पुरवठा बहुधा आपोआपच थांबतो. म्हणजे जें यंत्र फुकट करतें, त्यासाठीं आपण जीव गहाण टाकतों!

आपल्या खानदेशाला घाट नवे नाहींत. धुळ्याजवळ लळिंग आहे, शिरपूरच्या पुढें पळासनेरचा उतार आहे. ४ जुलै २०२३ रोजीं पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेलें एक अवजड वाहन समोरच्या वाहनांवर व रस्त्याकडेच्या उपाहारगृहावर आदळलें आणि अनेकांचे प्राण गेले. त्या वाहनाचें कारण निराळें असेल. पण उतारावर ब्रेक गमावणें म्हणजे काय, हें त्या दिवशीं दिसून आलें. तेव्हां घाट ज्या गिअरमध्यें चढावा, साधारणतः त्याच गिअरमध्यें उतरावा. चालतां चालतां इंजिन आपोआप बंद पडलेंच, तर किल्ली काढूं नये. ब्रेक पुनःपुन्हां न मारतां एकदांच घट्ट दाबून धरावा आणि मोटार कडेला घ्यावी.

आतां इंजिन चालू करण्याविषयीं. पूर्वीं पुढें उभें राहून हँडल फिरवावें लागे, आणि तें उलट फिरून कित्येकांचे हात मोडत. १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारींत विजेचा स्टार्टर आला आणि तो धोका सरला. पण दुसरा उरलाच. गिअरमध्यें उभी असलेली मोटार किल्ली फिरवितांच उडी मारते, आणि पुढें अंगणांत मूल खेळत असतें. म्हणून हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्यें, क्लच दाबलेला, एवढें पाहूनच किल्ली फिरवावी. स्टार्टर दहा सेकंदांहून अधिक दाबून ठेवूं नये. मध्यें अर्धा मिनिट विश्रांति द्यावी. जळगांवच्या उन्हाळ्यांत इंजिन तापविण्यासाठीं मोटार उगीच उभी ठेवण्याचें कारण नाहीं.

बंद करतांना मात्र घाई नको. टर्बो असलेली मोटार चढ चढून किंवा लांबची वेगवान मजल मारून आली असेल, तर एक-दोन मिनिटें इंजिन मंद चालूं द्यावें, म्हणजे तेलाच्या प्रवाहानें तापलेले भाग निवतात. उतारावर उभी करतांना हँडब्रेक ओढावा. तोंड चढाकडे असल्यास पहिला गिअर, उताराकडे असल्यास रिव्हर्स घालावा, आणि चाकाला दगड लावावा.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. दार लावलेल्या गॅरेजमध्यें इंजिन क्षणभरही चालू ठेवूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं, वास नाहीं; तो रक्तांत प्राणवायूची जागा बळकावतो, आणि झोंप येते आहे असें वाटतां वाटतां मनुष्य जातो. दार आधीं उघडावें, किल्ली मागाहून फिरवावी.

इंजिन केवळ मोटार चालविण्यासाठीं नाहीं. तिला सुखरूप थांबविण्यासाठींही आहे, एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुरे.