वसंतांतील गरुडांची मोजदाद



उन्हाळा तोंडावर आला आहे, घरोघर सांडग्या-पापडांची धांदल आहे, मुलांच्या परीक्षा जवळ आल्या आहेत. अशा दिवसांत डोंगराच्या माथ्यावर बसून आकाशांतून जाणारे गरुड आणि ससाणे मोजण्याचा उद्योग कोणी शहाणा माणूस करील काय, अशी शंका आपणांस येईल. तसा उद्योग जगांत पुष्कळ ठिकाणीं चालतो, आणि मिरजेच्या पूर्वेकडील आपल्या दंडोबाच्या डोंगरावर बसून थोडाबहुत मींही केला आहे. मी पक्षिशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक झाल्यावर मुलांना अंकगणित शिकविण्यांत जन्म घालविलेला कुपवाडचा एक निवृत्त मास्तर आहें. त्यामुळें पांखरांपेक्षां हिशेबाची बाजू मला अधिक कळते, व आज मी मुख्यतः तीच सांगणार आहें.

गरुडासारखा जड पक्षी शेंकडों कोस नुसते पंख मारीत गेला, तर वाटेंतच थकून पडेल. म्हणून उन्हानें तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेचा तो आश्रय करतो. त्या हवेंत शिरून, पंख न हालवितां घिरट्या घालीत तो उंच जातो आणि तेथून उताराला लागलेल्या गाडीप्रमाणें पुढच्या अशाच जागेपर्यंत तरंगत जातो. डोंगराच्या कडेला आदळलेला वाराही वर चढतो. त्याचाही त्याला उपयोग होतो. म्हणून प्रवासी पक्षी डोंगराची रांग धरतात आणि मोजणारा माणूस माथा धरून बसतो.

हिमालयांत धर्मशाळेच्या मागें धौलाधाराची भिंत उभी आहे. २००१ च्या शरदांत व २००२ च्या वसंतांत तेथें रीतसर मोजणी झाली, तेव्हां स्टेप ईगल या जातीचे गरुड हजारोंच्या संख्येनें त्या वाटेनें जातांना आढळले. थंडी पडली कीं पांखरें उत्तरेकडून सरळ खालीं येतात, अशी आपली समजूत. हे गरुड मात्र शरदांत पूर्वेकडून पश्चिमेकडे चालले होते आणि वसंतांत उलट, पश्चिमेकडून पूर्वेकडे! कोणी माथ्यावर वही घेऊन बसलें नसतें, तर ही गोष्ट घरबसल्या तर्कानें कोणाला सुचली असती?

आमच्या दंडोबावरून असा लोंढा कधींच दिसत नाहीं. आमचे पाहुणे निराळे. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतून भोवत्या नांवाचे शिकारी पक्षी पावसाळा सरल्यावर दख्खनच्या पठारावर येतात आणि फाल्गुन-चैत्रांत परत जातात. अंगानें घारीहून सडपातळ, पंख किंचित् वर उचललेले. नांगराच्या तासामागून तास धरावा तसे गवताच्या शेंड्यांवरून फिरत असतात. नर राखी, मादी तपकिरी व तिच्या शेपटीच्या मुळाशीं पांढरा पट्टा. नाकतोडे-टोळ खातात, म्हणजे शेतकऱ्याचे बिनपगारी राखणदारच. आणि गंमत अशी, कीं हे रात्रीं झाडावर बसत नाहींत. गवतांत, जमिनीवर, अनेक जण एकत्र झोपतात. गुजराथेंत वेळावदर येथें त्यांचा असा मुक्काम आहे. तो जगांतील फार मोठ्या मुक्कामांपैकीं एक गणला गेला आहे. भोवत्यांची मोजणी म्हणूनच सोपी. सूर्यास्ताच्या आधीं माळावर गुपचूप जाऊन बसावें आणि उतरेल तो मोजावा.

उंच उडणाऱ्यांची मोजणी मात्र माणसाची परीक्षा पाहते. पहिल्याच वर्षीं मीं दुपारपर्यंत ३१ हा आंकडा मोठ्या अभिमानानें वहींत लिहिला. शेजारीं माझा एक विद्यार्थी बसला होता. तो भीतभीत म्हणाला, "गुरुजी, त्या डाव्या पंखाचें पीस तुटलेल्या घारीला आपण चार वेळां मोजलें." मीं पुन्हां पाहिलें. इथल्याच सात घारी आमच्या डोक्यावर गोल फिरत होत्या, आणि मी, अंकगणिताचा मास्तर, प्रत्येक फेऱ्याला त्यांची बेरीज करीत होतों! तेव्हांपासून नियम केला, कीं घिरट्या चालू असतां मोजावयाचें नाहीं. वरून सुटून जे ओळीनें पुढें निघतील व समोरच्या टेकडीची रेघ ओलांडतील, तेवढेच धरावयाचे.

आतां, वसंतांतच कां मोजावें? शरदांत जो थवा जातो त्यांत त्या वर्षीं जन्मलेलीं पिल्लें असतात. त्यांतलीं पुष्कळशीं पहिल्याच हिवाळ्यांत मरतात. वसंतांत परततात ते वांचलेले. शरदाचा आंकडा ही आवक, वसंताचा ही शिल्लक. आणि खर्च कोठें पडला तें दोन्ही आंकडे शेजारीं मांडल्यावांचून कळत नाहीं. अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनियामध्यें हॉक माउंटन नांवाचा डोंगर आहे. तेथें पूर्वीं लोक जाणारे ससाणे गोळ्या घालून पाडीत. १९३४ सालीं रोझाली एज या बाईंनीं तो डोंगर ताब्यांत घेऊन शिकार बंद केली आणि मोजणी सुरू झाली. पुढें १९६२ सालीं रेचेल कार्सन यांनीं कीटकनाशकांवर ग्रंथ लिहिला, त्यांत याच डोंगरावरचे आंकडे आले. १९३५ ते १९३९ मध्यें तेथून जाणाऱ्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांत शेंकडा ४० तरुण होते. १९५५ ते १९५९ मध्यें शेंकडा २० उरले. म्हाताऱ्यांची वर्दळ चालू होती, म्हणून वरवर पाहणाराला सर्व ठीक वाटलें असतें.

आपल्याकडेही हेंच घडलें. गिधाडें इतकीं होतीं कीं तीं मोजावीं असें फारसें कोणाच्या मनांतच आलें नाहीं. भरतपुरास १९८० च्या सुमाराच्या दशकांतील नोंदी होत्या, म्हणून पुढच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्याशीं ताळा घालतां आला आणि अनर्थ उघडकीस आला. गुरांना देण्यांत येणारें डायक्लोफिनॅक हें औषध त्याच्या मुळाशीं आहे, हें २००४ सालीं कळलें. २००६ सालीं गुरांसाठीं त्यावर बंदी आली. तोंवर गिधाडें जवळजवळ संपलीं होतीं. पुढें राजस्थानांत मेलेल्या स्टेप गरुडांच्या शरीरांतही तेंच औषध सांपडलें, कारण हा गरुडही मेलेल्या गुरांवर उतरतो.

आमच्या कुपवाडास औद्योगिक वसाहत झाली, १९९८ सालीं गांव सांगली-मिरजेबरोबर महानगरपालिकेंत गेलें. कितीएक घरांच्या चुली त्यावर पेटतात. तक्रार करणारा मी कोण? माझा तो घार ओळखणारा विद्यार्थी आज तेथेंच एका कारखान्यांत फोरमन आहे. पण गवताचा माळ आखडत गेला. पूर्वीं ज्या जागीं भोवत्ये झोपावयास उतरत, तेथें अलीकडे आम्ही दोघे दर फाल्गुनांत जाऊन बसतों. या खेपेस पांच संध्याकाळ बसलों. पांचव्या दिवशीं दिवस बुडाला, कारखान्यांचे दिवे लागले, टिटवी ओरडून गेली. वही त्याच्या हातांत होती.

"गुरुजी, आज कांहींच आलें नाहीं. पान कोरेंच ठेवूं?"

"कोरें नको," मीं म्हटलें. "तारीख घाल, वेळ घाल, आणि शून्य लिही."