वाजता राहो ग्रामोफोन



गेल्या काही वर्षांत एक बदल तुमच्याही नजरेला आला असेल. माळ्यावर गेलेल्या वस्तू पुन्हा बैठकीच्या खोलीत येऊ लागल्या आहेत. पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन, लाकडी पेटीचा व्हॉल्व्हचा रेडिओ, कोपऱ्यात उभा केलेला तानपुरा. शौकीन मंडळी एकमेकांना घरी बोलावतात, आपला खजिना दाखवतात. सुया कुठे मिळाल्या, स्प्रिंग कुणी दुरुस्त करून दिली, यावर तासन्‌तास बोलतात. या हौसेचं मला कौतुक आहे. फक्त एक चिंता मनात येते. यातल्या किती वस्तू वाजतात?

रेडिओच्या पेटीतले व्हॉल्व्ह काढून आत रंगीत दिवा बसवलेला मी पाहिला आहे. एल.पी. तबकड्या तापवून, वाकवून त्यांचे वाडगे करतात. मधल्या भोकात काटे बसवले की भिंतीवरचं घड्याळ तयार. दिसायला छान दिसतं, यात शंका नाही. पण त्या तबकडीवर कुणीतरी गायलेलं असतं.

आपल्या देशातल्या ध्वनिमुद्रणाची गोष्ट मोठी आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. पुढे जी ७८ फेऱ्यांची तबकडी घरोघर पोचली, तिच्या दहा इंची आकारात एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तासभर रंगणारा ख्याल तेवढ्यात बसवायचा! आलाप आवरता घ्यायचा, तान नेमकी ठेवायची आणि समेवर वेळेत यायचं. हिराबाई बडोदेकर, बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ यांचं गाणं हजारो लोकांनी असंच, तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत ऐकलं.

त्या तीन मिनिटांची ताकद केवढी असावी? गदगचा एक शाळकरी मुलगा दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकतो. असंच गाता आलं पाहिजे, हे त्याच्या मनात ठसतं आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी तो गुरूच्या शोधात घर सोडतो. ते भीमसेन जोशी. दुकानदाराने ती तबकडी नुसती शोभेला टांगली असती, तर त्या मुलाच्या कानावर काय पडलं असतं?

म्हणून ज्यांच्या घरी जुन्या तबकड्या आहेत, त्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. ७८ फेऱ्यांची तबकडी प्रामुख्याने लाखेची असते. हातातून पडली की फुटते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, तेव्हा ती स्पिरिटने कधीही पुसू नका. तबकड्या एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई एका बाजूपुरतीच असते. तबकडीवर घासून तिचं टोक झिजतं आणि तीच सुई पुन्हा लावली तर ती खाच कोरत जाते.

आणखी एक. १९४८ साली अमेरिकेत आलेली एल.पी. मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. तिची खाच फार बारीक असते. तिला हलक्या हाताचा रेकॉर्ड प्लेअर लागतो. चावीच्या ग्रामोफोनच्या जड सुईखाली ती ठेवलीत, तर एकदा वाजवण्यातच तिचं नुकसान होतं. उलट, एल.पी.ची बारीक सुई ७८च्या रुंद खाचेत नीट बसत नाही, खरखर वाढते. दोन्हींसाठी वेगळी सुई घ्या.

वाद्यांचंही तेच. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्या कारागिरीचा अर्थ घरातल्या मुलांना कळायचा, तर कोपऱ्यातला तानपुरा जुळवावा लागेल, जवारीवर दोरा सरकवून त्याचा सूर खुलवावा लागेल.

मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. तबकड्या जमवणाऱ्यांनी एकत्र बसून त्या ऐकल्या, त्यांची माहिती नोंदवली, छापली. संग्रहाला अर्थ येतो तो असा. सगळ्याच जुन्या ध्वनिमुद्रणांच्या मूळ प्रती आज उरलेल्या नाहीत. काही गाणी फक्त कुणाच्या तरी घरातल्या ट्रंकेत शिल्लक असतील. कदाचित तुमच्याही.

तेव्हा एवढंच करा. घरातल्या तबकड्यांवरची नावं आणि क्रमांक एका वहीत उतरवून काढा. नको असतील तर भंगारात घालण्याआधी एखाद्या जाणत्या संग्राहकाला दाखवा. आणि हव्या असतील, तर महिन्यातल्या एखाद्या रविवारी शेजाऱ्यांना, नातवंडांना जवळ बसवा, चावी भरा, नवी सुई लावा. थोडी खरखर ऐकू येईल. ती येऊ द्या. तिच्यामागून गाणं येतंच.