कुंपण : आधी जनावर ओळखा, मग धुऱ्याचा शेजारी

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कृषी महाविद्यालयात मला खतांच्या मात्रा शिकवल्या, किडींची नावे शिकवली. रात्रभर मचाणावर बसून डबा वाजवणे कुणी शिकवले नाही. ते तुमच्याकडे येऊन कळले. म्हणून आज कुंपणावर बोलतो.

आधी माझी चूक सांगतो. नोकरीत असताना मी एका शेतकऱ्याला काटेरी तारेचे तीन पदर ओढायला सांगितले. गाई-बैल थांबले. पण रानडुकरे खालून शिरली, रोही वरून उडी मारून आले. ज्वारी गेली आणि तारेचे कर्ज राहिले. ‘जनावर कोणते?’ हा पहिला प्रश्न मी विचारलाच नव्हता.

गुरांसाठी काटेरी तार पुरते. शेळी दोन पदरांतून निघते. तिला जाळीच पाहिजे. डुक्कर मुसंडी मारते, माती उकरते. जाळीचा खालचा काठ जमिनीत गाडा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब कलतात. कोपऱ्याचा खांब दोन-अडीच फूट खोल घ्या, त्याला तिरका टेकू द्या.

बोरी-बाभळीचे काटे फुकट मिळतात, पण उधई लागते. दरसाल नवे लावावे लागतात. सागरगोटा, घायपात, निवडुंग यांचे जिवंत कुंपण स्वस्त आणि टिकाऊ. मृगाच्या पावसावर दोन ओळी लावा. मात्र दाट व्हायला दोन-तीन वर्षे जातात. तोवर राखण सुटत नाही.

आता झटका मशीन. हे यंत्र सौर बॅटरीवर चालते. साधारण सेकंदाला एक झटका देते, तोही क्षणाच्या बारीक तुकड्यापुरता. जनावर दचकते, मरत नाही, आणि पुन्हा यायला भिते. डुकरासाठी खालची तार वीतभर उंचीवर हवी. तारेला गवत टेकले की झटका कमी होतो. अर्थिंगची जागा सुकली तरी तेच. कापूस वेचणीच्या दिवसांत तिथे बादलीभर पाणी टाकत जा.

पण खांबावरून आकडा टाकून तारेत थेट लाइन सोडू नका! तो प्रवाह थांबत नाही. हाताची पकड सुटत नाही. रात्री मोटार सुरू करायला निघालेला शेजारी त्या तारेवर जातो, वैरणीला आलेली मायबहीण जाते, आपलाच बैल जातो. वन्यजीव मेले तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा. माणूस मेला तर तुरुंग. क्विंटलभर ज्वारीपायी दोन घरे बसतात. नुकसान तुमचे खरे आहे, राग खरा आहे. पण ती तार डुक्कर आणि माणूस ओळखत नाही.

‘साहेब, मशीन, खांब, तार, एवढा पैसा कुठून आणू?’ असे तुम्ही विचाराल. हिशेब मांडू. चार एकराचे चौरस शेत असेल तर भोवती सुमारे १६७० फूट कुंपण लागते. असे चार शेतकरी वेगवेगळे घालतील तर ६६८० फूट. चौघांची शेते एका चौकोनात असतील आणि भोवती एकच कुंपण घातले, तर ३३४० फूट. खर्च निम्मा! मशीनही चारऐवजी एक. मधल्या धुऱ्यांना तार लागतच नाही.

अडचण तारेची नाही, धुऱ्याची आहे. हातभर जमिनीवरून आपण भावाशी दहा-दहा वर्षे बोलत नाही, आणि डुक्कर दोघांच्याही शेतात जेवते. सामाईक कुंपण घालायचे तर वाटणी आधी कागदावर लिहा : खर्च एकरी किती, गवत कोण काढणार, बॅटरी कुणाच्या घरी, फाटक कोण लावणार. तोंडी ठरले तर पहिल्या वर्षीच मोडते.

आज घरी गेल्यावर एवढेच करा. धुऱ्यावरच्या शेजाऱ्याला चहाला बोलवा. पेरणीला अजून अवकाश आहे. मोजणीचा दोर घेऊन दोघे मिळून शेताला फेरी मारा. कुंपण तिथून सुरू होते.