खिशातली कॅसेट

मी मॅट्रिक. गोदीत माल उतरवतो. संगीताचं शास्त्र मला कळत नाही, म्हणून एका कॅसेटीबद्दलच बोलतो.

ब्रूस स्प्रिंगस्टीन. अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा, कामगाराचा पोरगा. बाप गालिच्याच्या गिरणीत, बसवर, मिळेल तिथं राबायचा. १९८२च्या जानेवारीत ह्यानं भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत चार ट्रॅकचं टास्कॅम यंत्र मांडलं. साधी कॅसेट, दोन माइक, गिटार, माउथ ऑर्गन. ई स्ट्रीट बँडसारखा दणकट ताफा पाठीशी, पण इथं गाणारा हा एकटाच.

बेत एवढाच की गाणी बँडला ऐकवायची. पुढं स्टुडिओत बँड वाजला, अन् गाण्यातली माणसं त्या दणक्यात हरवली! 'जॉनी ९९' घ्या. माहवातला मोटार कारखाना बंद पडतो, बेकार गडी दारूच्या नशेत खून करतो, न्यायाधीश ९९ वर्षं ठोकतो. माहवाचा फोर्ड कारखाना खरोखरच १९८० साली बंद झाला होता. असल्या माणसामागं ढोल कशाला बडवायचे? काम न लागलेल्या रात्री जिन्यात बसून स्वतःशी बडबडणारा माणूस मी ऐकलाय. तो हळूच बोलतो.

शेवटी बिनडबीची, खिशात घालून हिंडवलेली तीच कॅसेट तबकडीवर चढवली. तंत्रज्ञांचा घाम निघाला. सप्टेंबरात 'नेब्रास्का' बाजारात आली, खरखरीसकट.

बँडवाल्या फितीही २०२५ साली बाहेर आल्यात. दोन्ही ऐका, मग माझ्याशी भांडायला या.