परत न आलेल्या बाटल्या

आपल्याकडच्या गोटी सोड्याच्या बाटलीची युक्ती हायरम कॉड या इंग्रजाची, १८७० च्या दशकातली. पाण्यात दाबून भरलेला वायू बाटलीत कोंडून ठेवायचा कसा, हा पेच तेव्हा अमेरिकेतल्या सोडावाल्यांपुढेही होता. शिकागोच्या चार्ल्स हचिन्सन यांनी १८७९ साली त्यावर तारेच्या फासाला रबरी चकती जोडलेल्या बुचाचं पेटंट घेतलं. फास वर ओढला की चकती आतून गळ्याला घट्ट बसायची आणि वायूच्याच दाबाने तिथे राहायची. वरून थाप मारली की फट्‌कन आवाज होऊन सोडा मोकळा!

सोड्याच्या जुन्या बाटल्यांचे संग्राहक मात्र बाटली हातात आली की आधी उलटी करतात. तळाशी तांबूस-काळपट गोल डाग दिसला की त्यांचे डोळे चमकतात. कारागीर तापलेल्या लोखंडी सळईला बाटलीचा तळ चिकटवून तोंड घडवायचा आणि मग सळई झटक्याने सोडवायचा. त्या लोखंडाची ही खूण. अशी बाटली बहुधा १८६० च्या आसपासची किंवा त्याआधीची.

सोड्याप्रमाणेच न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगाच्या झऱ्यांचं पाणीही औषधी म्हणून गर्द हिरव्या बाटल्यांतून दूरवर जाई. आतल्या पाण्यापेक्षा बाटलीच मोलाची, म्हणून गावोगावचे सोडावाले आपलं नाव आणि गाव काचेतच उठवून घेत. ही बाटली विकलेली नाही, असंही काहींवर बजावलेलं असे. तरी कितीतरी बाटल्या परत गेल्याच नाहीत. लोकांनी त्या परसातल्या संडासाच्या खड्ड्यात टाकल्या, आणि त्यामुळेच त्या टिकल्या. ज्यांचा धंदा कधीच बुडाला, त्यांची नावं आज त्या काचेवर वाचता येतात.

आज हौशी मंडळी जुने नकाशे पाहून, घरमालकाची परवानगी काढून, लांब सळईने माती चाचपत ते खड्डे शोधतात. घाईने उपसलं की थरांची सरमिसळ होते आणि इतिहास पुसला जातो, हा पुरातत्त्वज्ञांचा आक्षेप मला पूर्ण पटतो. गडद निळ्या बाटलीला बाजारात भाव मोठा. पण खड्डा कुठला, बाटली किती खोल होती, शेजारी काय निघालं, हे वहीत टिपून ठेवणाऱ्याची साधी फिकट बाटली मला अधिक मोलाची वाटते.