वजनाच्या ऑपरेशननंतरची वर्षे

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची चौकशी करायला माणसे येतात ती बहुधा एकच प्रश्न घेऊन: किती किलो जातील? त्याचे उत्तर मी आज देणार आहे. पण एक डॉक्टर म्हणून मला दुसऱ्या प्रश्नाची जास्त काळजी वाटते. ऑपरेशनला पाच वर्षे झाल्यावर तुमचे रक्त कोण तपासणार? सोलापूरकडची पुष्कळ मंडळी यासाठी पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला जातात. टाके सुकतात, पहिल्या एक-दोन फेऱ्या होतात, वजन झरझर उतरू लागते, आणि मग पुण्याच्या हुतात्मा एक्स्प्रेसचे तिकीट काढायचे राहूनच जाते. नुकसान होते ते इथे.

आधी, हे ऑपरेशन कोणासाठी ते पाहू. डॉक्टर बीएमआय मोजतात. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. हा आकडा आपल्याकडे युरोपपेक्षा कडकपणे का वाचायचा, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार सुंदर दाखवले. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! म्हणून आपल्याकडे 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात. ऑपरेशनचा विचार साधारण 35 च्या पुढे होतो. मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे असे आजार जडलेले असतील तर 30 च्या पुढेही. पाच फूट तीन इंच उंचीच्या बाईचा बीएमआय 35 म्हणजे जवळजवळ 90 किलो. लग्न ठरत नाही म्हणून मुलीला ऑपरेशनसाठी घेऊन येणारे आईवडील असतात. वजन या मर्यादेत बसत नसेल, तर त्या मुलीच्या पोटाला सुरी लागता कामा नये. बसत असेल, तरी निर्णय तिचा असावा.

आता ऑपरेशनचे प्रकार. सध्या सर्वांत जास्त होते ते ‘स्लीव्ह’. दुर्बिणीतून, पोटावर चार-पाच छोटी छिद्रे पाडून, जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग कापून काढतात. मागे केळ्याच्या आकाराची अरुंद नळी राहते. भुकेचा संदेश देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होते, म्हणून नुसते जेवण कमी होते असे नाही, भूकच मंदावते. काढलेला भाग परत जोडता येत नाही. ज्यांना आधीपासून जळजळ आणि आंबट पाण्याचा त्रास आहे त्यांचा त्रास स्लीव्हने वाढू शकतो. त्यांनी हे सर्जनला आधीच ठासून सांगावे.

दुसरे ‘गॅस्ट्रिक बायपास’. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या डॉ. एडवर्ड मेसन यांनी 1966 साली त्याची सुरुवात केली. जठराच्या वरच्या टोकाला अर्ध्या वाटीहूनही लहान पिशवी करतात आणि लहान आतडे वर ओढून तिला जोडतात. अन्न उरलेले जठर आणि आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जाते. मधुमेहावर याचा परिणाम मोठा आहे. वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत साखर खाली येऊ लागते. त्यामुळे इन्सुलिनचा आणि गोळ्यांचा डोस डॉक्टरांनी तेव्हाच बदलावा लागतो. मात्र ज्यांना वर्षानुवर्षे इन्सुलिन चालू आहे, त्यांची औषधे पूर्ण सुटतीलच असे नाही.

फुगा आणि पट्टा यांबद्दल थोडक्यात. फुगा दुर्बिणीने जठरात सोडतात, साधारण सहा महिन्यांनी काढतात, आणि वजन बहुधा परत येते. जठराभोवती आवळायचा पट्टा आता फार थोडे सर्जन बसवतात.

किती किलो? 120 किलोचा माणूस स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात साधारण 30 किलो उतरतो, बायपासनंतर थोडा जास्त. पुढे काहींचे थोडे वजन परत चढते. धोका अनुभवी हातांत कमी असतो, पण असतो: टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायात रक्ताची गाठ. गाठ होऊ नये म्हणूनच ऑपरेशनच्या दिवशीच उठवून चालवतात.

आणि आता नंतरची गोष्ट. पहिले दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ, मग मऊ, मग हळूहळू नेहमीचे. आपल्या कडक भाकरीला बरेच महिने थांबावे लागते. ताटात आधी प्रथिने हवीत: वरण, दही, पनीर, अंडी, चालत असेल तर मासे. दिवसाला 60 ग्रॅम तरी. शेंगाचटणीवर आपला जीव आहे, पण तिच्या दोन चमच्यांत तेल आणि उष्मांक भरपूर. पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासाने. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, बायका घाबरतात. बहुधा ते परत येतात. उलट्या थांबतच नसतील तर मात्र वाट पाहू नका. बी-1 जीवनसत्त्व संपून मेंदूवर आणि नसांवर परिणाम होतो.

बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर. शाकाहारी माणसांत बी-12 आधीच कमी असते, त्यांनी तर एकही महिना चुकवू नये. वर्षातून एकदा रक्त तपासायचे, आणि त्यासाठी पुण्याला जायलाच हवे असे नाही. सर्जनकडून तपासण्यांची यादी लिहून घ्या, रक्त सोलापुरात द्या, अहवाल त्यांना पाठवा. हे ऑपरेशनच्या आधीच ठरवून घ्या.

विम्याचेही आधीच पाहा. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींत बीएमआय 40 हवा, किंवा 35 आणि सोबत ठरावीक गंभीर आजार. डॉक्टर ऑपरेशन योग्य म्हणतात आणि कंपनी दावा नाकारते, असे म्हणून घडू शकते. 2025 पासून आपल्याकडे वजनाची नवी इंजेक्शनेही आली आहेत. ती काम करतात. थांबवली की बहुतेकांचे वजन परत वाढते, तेव्हा खर्चाचा हिशेब वर्षांचा मांडा.

एक कळकळीची विनंती. हे ऑपरेशन लपवू नका. नितीन गडकरींनी 2011 साली ते करून घेतले आणि त्याबद्दल ते उघडपणे बोलले. घरी कोणाला ठाऊक नसेल तर पंगतीत आग्रह होणारच, आणि तुम्ही तो मोडणार कसा? गल्लीतल्या डॉक्टरांना ठाऊक नसेल तर गुडघेदुखीवर ते नेहमीची वेदनाशामक गोळी देतील, आणि बायपास झालेल्या पोटात तिने जखम होऊ शकते. तंबाखू, मिश्री, बिडी यांनीही होते. दिवस राहायचे असतील तर वर्ष-दीड वर्ष थांबा, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत ऑपरेशनचा कागद दाखवा. त्यावर कोणते ऑपरेशन, कधी आणि कोणी केले हे लिहिलेले असते. त्याची एक प्रत कायम पाकिटात ठेवा.