मुलांच्या ताटातली भाकरी



हल्ली वजन उतरविण्यासाठी मोठी माणसे भात-पोळी सोडतात. त्यांचे ते पाहून घेतील. परंतु आईबापांनी पोळी सोडली म्हणून घरातल्या मुलाचीही बंद होते, तेथे माझी हरकत आहे.

पिष्टमय पदार्थ तोडण्याचा उपाय काही नवा नव्हे. १९१९ साली अमेरिकेत एलिझाबेथ ह्यूज या अकरा वर्षांच्या मुलीस मधुमेह जडला. इन्शुलिन अद्याप हाती आले नव्हते. डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी तिचे पिष्ट जवळजवळ बंद केले आणि एकूण अन्नही अगदी बेताचे ठेवले. पोर जगली, पण वाढली नाही. १९२२ च्या ऑगस्टमध्ये टोरांटोला डॉ. बँटिंग यांच्याकडे तिला नेले, तेव्हा पंधरावे वर्ष संपत आले होते आणि वजन होते सुमारे २० किलो! इन्शुलिन सुरू झाले, ताटात पाव परत आला, मुलगी अंगाने भरली. पुढे तिने संसार केला, तीन मुले झाली, आणि १९८१ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी ती वारली.

कोणी म्हणेल, ही तर उपासमार झाली. कबूल आहे. मग दुसरे उदाहरण घ्या. १९२१ साली मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्मारावर भरपूर स्निग्ध आणि अत्यल्प पिष्टाचा आहार सुचविला. औषधांना दाद न देणाऱ्या मुलांना तो आजही देतात आणि पुष्कळांच्या फिट कमी होतात. येथे उष्मांक मोजून दिलेले असतात. तरीही काही मुलांची उंची मागे पडते, काहींना मूतखडे होतात. म्हणूनच डॉक्टर त्यांना वरचेवर तपासतात. वारंवार येणाऱ्या फिटपेक्षा हे परवडले, असे आईबाप म्हणतात, ते योग्यच आहे. पण ज्याला फिट येत नाही, त्या मुलाने हे मोल कशापायी द्यावे?

पाच वर्षांच्या मुलाचा मेंदू दिवसभराच्या शक्तीपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा एकटा खातो, आणि त्याचे नेहमीचे जळण म्हणजे ग्लुकोज. पिष्ट न मिळाल्यास शरीर प्रथिने मोडून ती साखर तयार करते खरे; पण घर बांधायला आणलेले वासे चुलीत घालण्यापैकीच तो प्रकार!

याचा अर्थ बिस्किटे आणि बाटलीतली सरबते खुशाल द्या, असा कृपा करून घेऊ नका. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२३ साली जो अहवाल काढला, त्यात वरून घातलेली साखर आणि मैद्याचे तयार पदार्थ कमी करा, असेच सांगितले आहे. मात्र इन्शुलिनवर असलेल्या मधुमेही मुलांचेसुद्धा पिष्ट तज्ज्ञांच्या देखरेखीवाचून फार तोडू नये, असेही बजावले आहे. ज्वारीची भाकरी, वरणभात, उसळ यांच्यावर गुन्हा दाखल झालेला नाही.

पूर्वी घरोघर दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मुलांच्या उंचीच्या रेघा ओढीत. ती रीत पुन्हा सुरू करा. मूल जाडसर वाटले, तर आधी डब्यातली बिस्किटे काढा, पोळी नव्हे. आणि सहा महिन्यांत रेघ वर सरकली नाही, तर त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.